साधक-बाधक

न्यायशास्त्रात एखादं विधान सिद्ध करणाऱ्या प्रमाणाला साधक म्हणतात आणि ते मोडून काढणाऱ्याला बाधक. खालच्या दोघांना मी तीच नावं दिली आहेत. साधक म्हणजे साधना करणारा, असा समज करून घेऊ नये. यातला साधक देवळात फारसा जात नाही. बाधकाच्या घरी मात्र पाच दिवसांचा गणपती बसतो.

साधक : तुमच्या पक्षाची एक खोड आहे. देवाचा विषय निघाला की तुम्ही नवसाच्या बोकडापासून सुरुवात करता, कुठल्यातरी बुवाच्या आश्रमात जाऊन पोचता आणि म्हणता, बघा, हा तुमचा देव. ही माणसांविषयीची तक्रार झाली, आणि ती मलाही मान्य आहे. मला त्या गल्लीत जायचंच नाही. मला मिथिलेच्या उदयनाचार्यांचा युक्तिवाद तुमच्यापुढे ठेवायचा आहे. दहाव्या शतकातला माणूस. त्यांच्या 'लक्षणावली'त शके 906, म्हणजे इसवी सन 984 असा काळ नोंदलेला आहे. 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ त्यांनी ईश्वर आहे हे तर्कानं ठरवण्यासाठी लिहिला. समोर बौद्ध होते, मीमांसक होते, सांख्य होते, चार्वाक होते, आणि यांपैकी कुणीही नुसत्या भक्तीच्या गोष्टीनं गप्प बसणारा नव्हता. त्यांचं मुख्य अनुमान अगदी साधं आहे. जे जे कार्य असतं, त्याला कर्ता असतो, जसं मडकं. जमीन, डोंगर, अंकुर हीसुद्धा कार्यंच आहेत, कारण त्यांना अवयव आहेत, ती जुळून झालेली आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता आहे. आता कर्ता म्हणजे काय? ज्याला सामग्रीचं ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो प्रयत्न करतो तो. डोंगराची सामग्री म्हणजे परमाणू. परमाणू तुम्हाआम्हाला दिसत नाहीत, तेव्हा ज्याला ते सगळे ठाऊक आहेत असा कुणी असला पाहिजे. यात कुठं बुवा आला, कुठं बोकड आला?

बाधक : नाही आला. मडकं आलं. आणि हजार वर्षं झाली, नैयायिक कुंभाराचं उदाहरण देतायत, पण कुंभाराला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माती मी केलेली नाही. चाक सुताराकडून आणलंय. पाणी नदीचं आणि आव्यातली राख दुसऱ्याच्या चुलीतली. मी फक्त आकार दिला. गंमत अशी की उदयनाचार्यांचा ईश्वरही एवढंच करतो. न्यायमतात परमाणू नित्य आहेत, जीव नित्य आहेत. ईश्वरानं त्यांतलं काहीच निर्माण केलेलं नाही. तो निमित्तकारण. म्हणजे अनुमान बिनचूक धरलं तरी हाती लागतो तो एक मोठा कारागीर. 'काहीच नव्हतं आणि त्यानं केलं' असा देव मडक्यातून निघत नाही, कारण नसलेल्या मातीचं मडकं कुणी कधी पाहिलेलं नाही.

आता तुमच्या व्याप्तीकडे येऊ. कुंभाराला मडकं करताना आपण पाहिलं, विणकराला कापड विणताना पाहिलं, म्हणून 'जिथं कार्य तिथं कर्ता' असं बांधलं. डोंगर करताना कुणी कुणाला पाहिलं? पहिला पाऊस पडला की पत्र्यावर साचलेल्या चिमूटभर धुळीत गवत उगवतं. तिथं कोण बसलं होतं? शिवाय पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला देह होता. देह काढून घेतलात तर साम्य कशाचं उरलं? आणि शेवटची शंका : एकच कर्ता कशावरून? राजवाडा एकटा माणूस बांधत नाही. हे डोंगर एकानं, समुद्र दुसऱ्यानं, तेही वेगवेगळ्या काळी, असं का नसावं?

साधक : गवताची शंका आधी घेतो, कारण ती सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांत कच्ची आहे. गवताला कर्ता आहे की नाही हाच तर आपला वाद. ज्याच्याविषयी वाद चालू आहे तेच 'बघा, इथं कर्ता नाही' म्हणून पुढं करता येत नाही. धूर दिसतोय त्या डोंगरावर आग आहे की नाही याचा वाद चालू असताना, 'या डोंगरावर धूर आहे पण आग नाही, म्हणून तुमची व्याप्ती मोडली' असं म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? देहाचं म्हणाल तर, कुंभाराचा हात माती हलवतो हे खरं; हाताला कोण हलवतं? त्याची इच्छा. तो हात हलवायला त्याला दुसरा हात लागत नाही. म्हणजे इच्छेनं जड वस्तू थेट हलते याचा एक तरी दाखला तुमच्या खांद्यालाच जोडलेला आहे. आणि कर्ते अनेक असतील ही शंका मला ओळखीची वाटते. डेव्हिड ह्यूमच्या 'नैसर्गिक धर्माविषयी संवाद' या पुस्तकात फायलो ती काढतो : जहाज बघून एका महान कारागिराची वाहवा करावी, आणि निघावा सुतारांचा अख्खा जथा. हे पुस्तक ह्यूमच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये आलं. जिवंतपणी छापायला त्याचा धीर झाला नव्हता. तुम्ही स्कॉटलंडचा माल मिथिलेत विकताय.

बाधक : तिथंच तुमची चूक झाली. ही शंका मी ह्यूमकडून घेतलेली नाही, रामानुजाचार्यांकडून घेतली आहे. 'श्रीभाष्या'त, ब्रह्मसूत्राच्या पहिल्या पादातल्या तिसऱ्या सूत्रावर, त्यांनी तुमचं मडकं फोडून तुकडे ओळीनं मांडून ठेवलेत. पृथ्वी, समुद्र ही कार्यं असतील. ती एकाच वेळी, एकानंच केली याला काय आधार? पुण्यानं मोठं सामर्थ्य मिळवलेले जीव असतात असं तुम्हीच मानता, मग त्यांनी थोडं थोडं केलं असेल. देहाशिवाय कर्ता दाखवा. हे सगळं तिथं आहे, ह्यूमच्या सहाएकशे वर्षं आधी. आणि लिहिणारा कोण? नारायणाच्या भक्तीसाठी आयुष्य वाहिलेला माणूस.

साधक : त्या मुद्द्यावर मी येणार आहे, सोडणार नाही. पण आधी हिशेब पुरा करू. अनेक कर्ते मानायला जास्त खर्च पडतो. एकानं भागत असेल तर चार कशाला? शास्त्रात याला लाघव म्हणतात.

बाधक : लाघवच हवं तर शून्य एकाहून लहान आहे. मीमांसकांनी तेच केलं. वेदाचं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ न देणारे लोक, पण ते म्हणाले की जग कधी असं नव्हतं असं नाही. एकेक झाड होतं आणि मरतं, एकेक घर उभं राहतं आणि पडतं. सगळं मिळून 'जग' नावाचं एक कार्य एके दिवशी झालं, हे कुणी पाहिलं? कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त जगत्कर्त्याला जे प्रश्न विचारलेत ते आजच्या एखाद्या नास्तिकानं विचारले तर आपण त्याला उद्धट म्हणू. जग करण्याआधी त्याला देह होता का? नसेल तर इच्छा कुठं होती? करुणेनं केलं म्हणता, तर करुणा कुणावर? तेव्हा जीवांना दुःखच नव्हतं.

आणि हे फक्त जुन्या पंडितांचं नाही. आपले जयंत नारळीकर घ्या. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी सुरुवात नसलेल्या विश्वाची बाजू मांडली आणि महास्फोटाचं मत जगभर रूढ झाल्यावरही अखेरपर्यंत सोडली नाही. ते बरोबर होते असं मी म्हणत नाही. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. पण विश्वाला सुरुवात आहे की नाही, हा दुर्बिणीनं आणि गणितानं लढवायचा प्रश्न आहे, त्याला अवयव आहेत म्हणून ठरवण्याचा नाही. उलट बाजूचंही सांगतो. महास्फोटाच्या कल्पनेचं बीज ज्यानं पेरलं तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. 1951 मध्ये पोपनी या सिद्धांताला ईश्वरी निर्मितीची साक्ष ठरवल्यासारखं भाषण केलं, तेव्हा नाराज झाला तो हाच पाद्री. त्याला आपल्या समीकरणांच्या पाठीवर देव लादायचा नव्हता.

साधक : चला, सुरुवात सोडून देऊ. नारळीकर बरोबर होते असं धरू. मग माझा प्रश्न संपला का? लायब्निझनं 1697 मध्ये एक दाखला दिला होता, तो आपल्या पोथीला लावून सांगतो. समजा, एक ज्ञानेश्वरीची पोथी आहे. ती आधीच्या पोथीवरून उतरवलेली, ती तिच्या आधीच्या पोथीवरून, आणि ही साखळी मागं मागं अनंत जाते. पहिली पोथी अशी नाहीच. आता मला कुणी विचारलं की या पोथीत हा मजकूर का आहे, तर मी म्हणेन, आधीच्या पोथीत होता म्हणून. प्रत्येक पोथीचं उत्तर मिळालं. पण मुळात हाच मजकूर का, मजकूर असावाच का, याचं उत्तर एकाही पोथीत नाही. साखळी कितीही लांबवा, प्रश्न साखळीबद्दलचा आहे. काही नसण्याऐवजी काहीतरी आहे, हे का? तुमचे मीमांसक 'जग असंच होतं' म्हणतात तेव्हा ते उत्तर देत नाहीत, खांदे उडवतात.

बाधक : आणि तुम्ही काय करता? बृहदारण्यकातली गार्गी आठवा. हे सगळं पाण्यात ओवलंय, तर पाणी कशात? वाऱ्यात. वारा कशात? अशी एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकापर्यंत गेली आणि म्हणाली, तो कशात ओवलाय? याज्ञवल्क्य म्हणाला, बाई, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. सगळे ईश्वरसाधक हेच करतात. तुम्ही गार्गी होऊन प्रश्न विचारत जिना चढता आणि वरच्या पायरीवर पोचलात की याज्ञवल्क्य होऊन काठी उगारता. जगाला कारण पाहिजे. ईश्वराला कारण विचारलं की अतिप्रश्न! 1948 मध्ये बीबीसीवर कॉपलस्टन हा पाद्री आणि बर्ट्रंड रसेल यांचा वाद झाला, त्यात रसेल म्हणाला की विश्व आहे, बस्स, पुढं काही नाही. तुम्हाला ते खांदे उडवणं वाटतं. पण थांबायचं तर दोघांनाही आहे. मी एक पायरी अलीकडं थांबतो, जिथवर पायाखाली काहीतरी दिसतंय.

साधक : दोन थांबणी सारखी नाहीत. जे नसतं तरी चाललं असतं अशा गोष्टीपाशी थांबणं ही हार आहे. हे टेबल नसतं तरी चाललं असतं, ही आकाशगंगा नसती तरी विरोधाभास झाला नसता. मी जिथं थांबतो ते 'नसणं' शक्यच नाही असं काहीतरी आहे. तिथं 'का' हा प्रश्न मी मुद्दाम अडवत नाही. त्याला तिथं जागाच उरत नाही. त्रिकोणाला तीन बाजू का, असं विचारण्यासारखं ते होतं.

बाधक : हे कांटनं पकडलं होतं. तो म्हणतो, जगापासून निघून ईश्वराकडं जाणारे तुम्ही लोक शेवटच्या वळणावर गुपचूप दुसऱ्याच गाडीत बसता. ती गाडी कँटरबरीच्या अँसेल्मची. ज्याहून मोठं कल्पिता येत नाही असा तो. आणि केवळ मनात असण्यापेक्षा प्रत्यक्ष असणं मोठं. म्हणून तो प्रत्यक्ष आहेच. अकराव्या शतकातलं हे अनुमान मला नेहमी हातचलाखीसारखं वाटत आलंय. नुसत्या व्याख्येतून अस्तित्व काढायचं! तुमचं 'नसणं शक्यच नाही असं काहीतरी' हीही व्याख्याच आहे. असं काही असेल तर ते नसणं अशक्य असेल, इतपत कबूल. पण तो 'असेल तर' तुम्ही कुठं टाकून आलात? कांटचं म्हणणं होतं की मनातल्या शंभर थालेरांपेक्षा खिशातल्या शंभर थालेरांत एकही नाणं जास्त नसतं. असणं हा वस्तूचा आणखी एक गुण नव्हे.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही मघाशी पुढं ढकललीत. अँसेल्मला पहिलं खणखणीत उत्तर कुणी दिलं? गोनिलो नावाच्या ख्रिस्ती मठवासीयानं. तो म्हणाला, याच रीतीनं मी सर्वोत्तम बेट सिद्ध करून देतो, नाव तयार ठेवा. नैयायिकांचं मडकं फोडलं रामानुजांनी. मीमांसक वेदनिष्ठ, लमेत्र पाद्री. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त शब्दखंडनासाठी वेगळं प्रकरण घातलं. जे स्वतःच उजेड आहे त्याला शब्दाची पणती दाखवण्याची त्यांना गरज वाटली नाही. नास्तिकांनी तुमचे पुरावे मोडले असते तर मी समजू शकलो असतो. पण पुन्हा पुन्हा ते भाविकांनी का मोडावेत? माझं उत्तर असं की सिद्ध केलेला देव त्यांना लहान वाटतो. उदयनाचार्यांचीच आख्यायिका घ्या. ते पुरीला गेले, देवळाचे दरवाजे बंद. तेव्हा ते जगन्नाथाला म्हणाले म्हणे, आज ऐश्वर्याच्या मदात माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध समोर येतात तेव्हा तुझं असणं माझ्या हाती असतं. कथा खरी नसेलही. पण ज्यानं ती रचली त्याला मर्म कळलं होतं. पंडिताच्या जिवावर उभा असलेला देव! माझ्या घरी जो गणपती येतो त्यानं असं कुणाचं मिंधं व्हावं असं मला वाटत नाही. मी त्याच्या असण्याचा पुरावा मागत नाही आणि देतही नाही.

साधक : हे ऐकायला फार सुरेख आहे, आणि याच सुरेखपणाची मला भीती वाटते. रामानुजांनी मडकं फोडलं, बरोबर. कशासाठी? तिसरं सूत्रच सांगतं की ब्रह्म कळण्याचं साधन शास्त्र आहे. अनुमानानं ईश्वर कळत नाही असं एकदा ठरलं की तो फक्त श्रुतीतून कळणार. आता पुढं वाचा. त्याच पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादात, श्रुती कुणी ऐकायची याचा निवाडा आहे. शूद्रानं नाही. शंकराचार्य आणि रामानुज एरवी एकमेकांशी किती भांडतात. या अधिकरणात दोघांचं एकमत आहे. तुमच्या लक्षात येतंय का? ईश्वराची तर्काची वाट बंद केली आणि उरलेल्या एकमेव वाटेवर पहारा बसवला. रामानुजांनी भक्तीची, शरणागतीची दारं बाकी सगळ्यांना उघडली हे मी नाकारत नाही. पण मडक्याचं अनुमान कसं आहे? ते समजायला जानवं लागत नाही. ज्यानं मडकं पाहिलंय त्याला ते कळतं. मघाशी तुम्ही म्हणालात, कुंभाराला कुणी विचारलं नाही. मी म्हणतो, हा एकच पुरावा असा आहे की जो कुंभाराला विचारता आला असता. उदयनाचार्यांनी तसं केलं नाही. ते आपल्या काळाचे आणि जातीचे होते, वेदाचा अधिकार त्यांनी कुणाला वाटला नाही. पण त्यांनी जे हत्यार घडवलं ते त्यांच्यापेक्षा उदार होतं.

जोतीराव फुल्यांनी काय केलं ते बघा. वेद झुगारला, अवतार झुगारले, भट-मध्यस्थ झुगारला. आणि ठेवलं काय? निर्मिक. हा शब्दच बघा कसा आहे : निर्माण करणारा, बस्स. त्याला नाव नाही, मूर्ती नाही, गाव नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापलं गेलं, त्यात हा निर्मिक पानोपानी आहे. त्यानं सूर्य, चंद्र, तारे, ही जमीन निर्माण केली आणि सगळ्या स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिले. हे तेच अनुमान आहे, कार्यावरून कर्ता. फक्त निष्कर्ष पुढं नेलाय : कर्ता एक, तर त्याच्या हातची सगळी मडकी एका मोलाची. पुराव्याला जागा न ठेवणारी तुमची ती तरल श्रद्धा जोतीरावांच्या काय कामाची होती? श्रद्धेचा मालक दुसराच कुणीतरी होता.

बाधक : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. घाव लागला हे कबूल करतो. रामानुज वाचताना मी फुटलेल्या मडक्याकडं बघत राहिलो, ते कुठल्या वाटेवर फोडलं हे बघितलं नाही. पण आता तुमच्याच वाटेनं पुढं जाऊ. आपण 'फुले-आंबेडकर' एका दमात म्हणतो. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानत. या एका प्रश्नावर मात्र त्यांनी गुरूचा हात सोडला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ईश्वरावरचा विश्वास हा धम्माचा भाग नाही असं त्यांनी स्वच्छ मांडलं, आणि कारण तुमच्या बरोबर उलट दिलं : धर्माच्या मधोमध ईश्वर बसला की माणसाचं माणसाशी असलेलं नातं बाजूला पडतं. आधी पूजा, मग पूजेचा विधी, मग विधीचा जाणकार, आणि फिरून तोच भट. म्हणजे समतेसाठी एकाला कर्ता हवा होता, दुसऱ्याला त्याच समतेसाठी तो नको होता. यातून निर्मिक आहे हे ठरत नाही आणि नाही हेही ठरत नाही. ठरतं एवढंच की पुरावा उदार असू शकतो. उदार असणं म्हणजे खरं असणं नव्हे.

साधक : कबूल. पण नाही हेही ठरत नाही, हे तुमच्या तोंडून आलं ते बरं झालं. उदयनाचार्यांनी यावरही विचार केलाय. समोर मडकं नाही, हे मला नुसतं बघून कळतं, कारण असतं तर दिसलं असतं. जे असतं तरी दिसलं नसतं, त्याच्या न दिसण्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही.

बाधक : सांभाळून. त्या दारातून पिशाच्चही आत येतं. शास्त्रात त्या ठिकाणी उदाहरणच पिशाच्चाचं देतात. तुमचा निर्मिक आणि पिंपळावरचा मुंजा शेजारीशेजारी बसलेले चालतील का तुम्हाला?

पण मला ते 'असतं तर दिसलं असतं' पाहिजे आहे. ते मला द्या. न्यायमतात ईश्वर नुसता कारागीर नाही. प्रत्येकाच्या कर्माचं फळ ज्याचं त्याला पोचवण्याचं काम त्याच्याकडं आहे, कारण अदृष्ट, म्हणजे साठलेलं पाप-पुण्य, जड आहे, त्याला चालवणारा हवा. असा देखरेख करणारा असता तर काहीतरी दिसलं असतं. 1755 मध्ये 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला आणि युरोपभरचे तत्त्वज्ञ हादरले. आपल्याकडं 1993 मध्ये 30 सप्टेंबरला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी. लोक मिरवणुकीतून परतून झोपलेले. दख्खनचं हे पठार तर स्थिर मानलं जायचं. हजारो माणसं गेली, आणि ती गेली कशानं? दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बापजाद्यांनी घातलेली माती. आता सांगा, त्या एका पहाटे, एका पट्ट्यातल्या, तान्ह्यांसकट सगळ्यांच्या कर्माचं फळ एकदम पिकलं?

साधक : नाही. असं म्हणणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही, मग तो उदयनाचार्य का असेना. कर्माचा तो हिशेब मी सोडतो. सोडला की माझा ईश्वर जोतीरावांच्या निर्मिकापेक्षाही दूरचा होतो, हे मला कळतं. तो करतो, सांभाळतो असं म्हणायला माझ्याकडं अनुमान नाही. तुम्ही मघाशी म्हणालात, कारागीर. बरं, कारागीर.

बाधक : मग कारागिराचीच एक गोष्ट. किल्लारीच्या शेजारच्या जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचं. सगळ्यांना त्यांची थापटण्याची गोष्ट आवडते, संतांच्या डोक्यावर मारून कुणाचं मडकं कच्चं ते सांगितल्याची. माझ्या डोक्यात दुसरी बसली आहे. काका चिखल तुडवतायत, नामात तल्लीन आहेत, आणि रांगत आलेलं त्यांचं मूल पायाखाली आलं तरी त्यांना कळत नाही. कथेत पुढं ते मूल परत मिळतं. ती कथा आहे, तिला तेवढी मुभा आहे. पण कुंभाराचं उदाहरण घ्यायचं असेल तर मग सगळा कुंभार घ्या. तो आहे असं धरू. चिखल तुडवताना त्याचं लक्ष कुठं होतं?

साधक : याला माझ्याकडं उत्तर नाही. एक निरीक्षण आहे, आणि ते या जागी हलकट वाटेल, तरी सांगतो. तुम्ही हा प्रश्न भूकवचाला विचारत नाही. दगडाला कुणी 'तुझं लक्ष कुठं होतं' म्हणत नाही. रसेलसारखं 'आहे, बस्स' म्हणून तुम्हाला थांबता आलं असतं. मघाशी तुम्ही थांबला होतात. किल्लारी आली आणि तुम्ही कुणालातरी जाब विचारायला लागलात.

बाधक : हाक मारली म्हणून घरात कुणी आहे असं होत नाही.

साधक : नाही होत. पण तुम्ही, पुरावा नको म्हणणारे आणि मोडणारे, हाक का मारता?

बाधक : सवय. आई गेल्यावर वर्षभर तरी मी दारात चपला काढताना हाक मारत होतो.

साधक : पण आई होती.

बाधक : होती. हाक मारायला तिनंच शिकवलं होतं. तिलाही, आणि त्यालाही.